गवत कापायला दोघं

नामवॉन, १४ मे

हाक्सू भाऊजी,

नमस्कार. पाकिटावर माझं नाव दिसलं तर तुम्ही ते न फोडताच कपाटावर टाकाल, म्हणून मुद्दाम दुकानाचं नाव घातलं आहे. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा. फोन तुम्ही माझा उचलत नाही, ह्यांचा तर नाहीच, पण आमच्या सोकजेचासुद्धा उचलत नाही. त्या पोराने तुमचं काय घोडं मारलंय? उल्सानला जहाजाच्या कारखान्यात दिवसभर वेल्डिंग करतो आणि सुट्टीच्या दिवशी काकांना फोन लावून बघतो. असो. पत्राचं एक बरं असतं, माणसाला मध्येच बंद करता येत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. बाजारातलं माझं भाज्या-लोणच्यांचं दुकान चालू आहे. यंदा डोंगरातली रानभाजी लवकर आली, त्यामुळे सकाळपासून निवडणं आणि उकडणं चाललेलं असतं. नखं काळी ती काळीच. जाऊबाईंच्या कंबरेचं कसं आहे? त्यांना म्हणावं, मुरवलेल्या लसणाची एक बरणी तुमच्या नावाने बाजूला ठेवली आहे. इंचॉनकडे जाणारं कोणी भेटलं की पाठवते.

आता मुद्द्याचं. तुमच्या धाकट्या बंधूंनी यंदा सहलीचं मनावर घेतलं आहे. चुसोकच्या सणाआधी जिरीसान डोंगरावर जायचं, बेमसागोलच्या ओढ्याकाठी राष्ट्रीय उद्यानवाल्यांच्या तळावर तंबू ठोकून मुक्काम करायचा, सकाळी रान चढून बाबांच्या थडग्याच्या मातीच्या उंचवट्यावरचं गवत कापायचं आणि उतरून घरी यायचं. जाणारे दोघं. एक ते आणि एक तुम्ही.

हो, तुम्ही. चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी तेच लिहिलेलं आहे.

गेल्या वर्षी काय झालं ते तुमच्यापर्यंत पोचलं नसणार. ह्यांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडते. तुमचं भांडण झाल्यापासून हे दर वर्षी एकटेच गवत कापायचं यंत्र पाठीला बांधून वर जातात. गवत कापतात, दारू ओततात, दोनदा जमिनीला डोकं टेकवतात आणि येतात. मध्ये एका वादळात दरड कोसळली आणि उद्यानवाल्यांनी जुनी वाट कायमची बंद केली. तेव्हापासून हे दुसऱ्या अंगाने चढायला लागले. गेल्या वर्षी सगळं आटोपून हे तिथेच बसून डबा खात होते, एवढ्यात खालून एक कुटुंब आलं. ग्वांगजूची माणसं. त्यातला एकजण धावतच पुढे आला, ह्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "तुम्हीच का ते? दर वर्षी आम्ही येतो तर आमच्या वडिलांचं थडगं आपलं न्हाव्याकडून आल्यासारखं लख्ख! कोण पुण्यवान माणूस हे करतो, ते काही कळत नव्हतं."

परक्याच्या वडिलांचं थडगं, भाऊजी. इतकी वर्षं.

हे काय बोलणार? "काही नाही हो, वाटेतच होतं," म्हणाले. त्या लोकांनी आग्रहाने नाशपतीची पेटी दिली, ती खांद्यावर घेऊन घरी आले. त्यातली एक फोड ना स्वतः खाल्ली ना मला खाऊ दिली. सगळी बाजारात वाटून टाकली.

मग बाबा कुठे आहेत? बाबा गेले तेव्हा हे सौदीत रस्ते बांधत होते. माती दिलीत ती तुम्ही. पुढे कित्येक वर्षं दोघं मिळून जायचात, तेव्हाही पुढे तुम्हीच. मी चिडून विचारलं, "एवढ्या वेळा गेलात, वाट नाही बघितलीत?" तर म्हणाले, "दादा पुढे असला की मी दादाच्या पाठीकडे बघत चालायचो. वाटेकडे कशाला बघू?"

तेव्हापासून एकच घोकणं चालू आहे, दादा आला तर बाबा सापडतील. वर विनोदही करतात. म्हणतात, "दादाने आपल्या बापाला नमस्कार केला नाही, मी परक्याच्या बापाला केला. फिट्टंफाट झाली. आता भांडायला उरलंय काय?" नमस्काराची तुम्ही काळजी करू नका. चर्चमध्ये तुमचा मान मोठा आहे, मेलेल्यापुढे वाकणं तुमच्या देवाला चालत नाही, हे बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी तुम्ही सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलंत आणि आम्हाला पाठ झालं. ताटं मांडलेलं टेबल ह्यांनी लाथेने उलथवलं ते चुकलंच. पण आता म्हणतात, "दादाने नुसतं बोट दाखवावं. वाकायचं मी बघतो."

तयारी जोरात आहे. डोंगराच्या सामानाच्या दुकानात गेलो तर सगळं जोडीने घेतलं. काठ्या दोन, पाठपिशव्या दोन, झोपायच्या पिशव्या दोन. तुमच्या बुटांचं माप विचारलं तर दुकानदाराला म्हणाले, "माझ्यापेक्षा एक बोट मोठा द्या. लहानपणी दादाचे जुने बूट मला तेवढेच मोठे व्हायचे." जाकिटंही दोन, एकाच रंगाची, भडक केशरी. ह्यांना स्वतःला नेहमीपेक्षा लहान माप लागलं. पोट जरा नाजूक झालंय गेल्या काही महिन्यांत, खाणं कमी. बाकी विशेष काही नाही.

तर कळवा. मोठं पत्र नको. येतो एवढं लिहिलंत तरी चालेल.

तुमची भावजय, अजून धरत असाल तर,
मालसुन


नामवॉन, ९ जुलै

हाक्सू भाऊजी,

पावसाने कपडे वाळत नाहीत आणि बरण्यांच्या झाकणांवर बुरशी धरते, याखेरीज इकडची खुशाली आहे. तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की हात पुसून दुकानाबाहेर येत होते, तेवढा मूर्खपणा केला.

एक गोष्ट घडली आहे आणि ती तुमच्याबद्दल आहे, म्हणून तुम्हाला कळलेली बरी.

मी दुकानात भोपळ्याची भजी तळत होते. हे मागच्या दाराने आले, स्टुलावर बसले. "दादाला पत्र टाकलंस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पोस्टातला. पाकीट जड होतं, जास्तीचं तिकीट लावलं म्हणाला."

"टाकलं."

"मग?"

"मग काय?"

"काय म्हणाला दादा?"

भाऊजी, तुम्ही तिथे असतात तर तुम्हीसुद्धा खोटं बोलला असता, चर्चचे मानकरी असलात तरी. हे विचारत होते मला आणि बघत होते कढईत. मी म्हटलं, "येतो म्हणाले."

"असंच म्हणाला? येतो?"

"येतो म्हणाले. सप्टेंबरात."

"आणखी काही?"

"आणखी काय असणार? मोजकं बोलणारा माणूस तो."

"हो," हे म्हणाले, "दादा मोजकंच बोलतो." आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी वाटीभर भात संपवला. वर मुळ्याचं लोणचं मागून घेतलं. मी आत जाऊन रडले, पण त्या रडण्यात अर्धा आनंद होता, खोटं कशाला सांगू.

खोटं मी एकदाच बोलले. आता ते माझ्याशिवायच चालतंय. दुसऱ्या दिवशी ह्यांनी रविवारच्या डोंगर मंडळात सांगितलं. अध्यक्ष बांग तर गावभर भोंगा. त्यांनी जाहीरच करून टाकलं की फानसूचा इंचॉनचा दादा येतोय, दोघं भाऊ बाबांचं थडगं शोधायला जाणार. मासेवाली विचारते, "तुमचे भाऊजी काय खातात हो? सुका मासा बांधून देऊ?" ह्यांनी बस चालवायची सोडून किती वर्षं झाली, पण डोंगराच्या फेरीवरचे ड्रायव्हर अजून ओळखतात. तेही म्हणाले, दोघांना तळाच्या दाराशीच उतरवू. सोकजेने तळावरची जागा संगणकावरून मिळवली. सगळ्या देशाला त्याच दिवसांत डोंगरावर जायचं असतं, लॉटरी लागावी लागते, ती लागली. येणाऱ्यांची नावं घालावी लागतात. ह्यांच्या नावाखाली तुमचं घातलं आहे.

तंबू मागच्या अंगणात, किमचीच्या रांजणांच्या मधोमध उभा करून बघितला. हे आत जाऊन आडवे झाले आणि आतूनच मला सांगायला लागले, "दादाने दाराच्या बाजूला झोपायचं. त्याला रात्री उठावं लागत असेल आता." मग बोलता बोलता झोप लागली. भर दुपारी, उकाड्यात. मी बाहेर लसूण सोलत बसले. उठवावंसं वाटेना.

सराव म्हणून रोज सकाळी बाजारामागची टेकडी चढतात. पाठपिशवीत तांदळाची पिशवी घालतात. आधी वरच्या मंडपापर्यंत जायचे. आता मधल्या बाकापर्यंत जातात आणि म्हणतात, "हवा दमट आहे." काल मीही बरोबर होते, तेव्हा दोन आज्या हातातल्या छत्र्या टेकत आमच्या पुढे गेल्या. एक म्हणाली, "काय हो ड्रायव्हरसाहेब, गाडी गरम झाली का?" हे हसले. तांदूळ मात्र कमी केले. पिशवी उचलली की मला कळतं, रोज थोडे कमी असतात.

मला हे थांबवता येत नाही, भाऊजी. दादा येणार नाहीत असं म्हणायला तोंड उघडते आणि आमटीत मीठ जास्त झालंय का असं विचारते.

तुम्ही खरंच आलात तर मी खोटी ठरणार नाही, एवढाच एक मार्ग मला दिसतो. जाऊबाईंनाही घेऊन या. त्यांना डोंगर चढायला लावणार नाही, दुकानात माझ्याजवळ बसतील.

वाट बघते.

मालसुन


नामवॉन, २४ ऑगस्ट

हाक्सू भाऊजी,

उकाडा कमी झालाय, सकाळी पांघरूण लागतं. तुमच्याकडे समुद्रावरचा वारा सुटला असेल.

जाऊबाईंचा फोन आला होता. माझी पत्रं तुम्हाला मिळतात म्हणाल्या. तुम्ही ती वाचता आणि वाचून झाली की गॅलरीत जाऊन उभे राहता. "मी सांगितलं असं सांगू नकोस," असंही म्हणाल्या. आता सांगून बसले, त्यांना रागावू नका. निदान कोणीतरी वाचतंय एवढं कळल्यावर मला आधार वाटला, म्हणून आधी न लिहिलेलं आज लिहिते.

ह्यांचं पोट नाजूक नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत गेलेला.

मार्चमध्ये जोनजूच्या मोठ्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टरांनी माझ्याकडे आणि सोकजेकडे बघितलं, मग ह्यांना म्हणाले, "काका, बाहेर कॉफीचं यंत्र आहे, तेवढं आणता का?" हे गेले, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. ऑपरेशन नाही, औषधाने काही होईल असंही नाही, उन्हाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. सोकजे भिंतीला टेकून उभा राहिला. हे आले तेव्हा हातात चार कप होते. एक डॉक्टरांसाठी. डॉक्टरांनी तो घेतला आणि आमच्यासमोर सगळा प्यायला. काय करतील बिचारे.

ह्यांना आम्ही सांगितलं, जठराला सूज आहे, दम धरून औषध घ्यावं लागेल. सोकजे मला म्हणतो, "आई, बाबांना सांगू या. त्यांचं आयुष्य आहे." मी म्हणते नको. तुमच्या आईच्या वेळी तुम्हीच आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं होतंत, आईला कळता कामा नये. आई शेवटपर्यंत पुढच्या वर्षासाठी मिरच्या वाळवत होत्या. ते बरोबर होतं की चूक, मला तेव्हाही कळलं नव्हतं. आता माझ्यावर पाळी आली आहे आणि दुसरं काही येतच नाही मला. सांगितलं तर हे सहल सोडून देतील, आणि सहल सोडली तर त्यांच्याजवळ धरायला काय राहील?

मी मे महिन्यातच हे लिहायला हवं होतं. पण तुम्ही आजारी भावाला बघायला यावं असं मला नको होतं. तुम्ही भावाकडे यावं असं हवं होतं. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघताना तुमच्या चेहऱ्यावर दया दिसली असती तर त्यांना त्याच क्षणी कळलं असतं. माझा हा हिशेब फुकट गेला, कारण तुम्ही कसेही आला नाहीत.

परवाची गोष्ट. हे अंगणात गवत कापायचं यंत्र घेऊन बसले. तेल घातलं, पातं घासलं आणि सुरू करायची दोरी ओढली. सुरू झालं नाही. पुन्हा ओढली. पाय रोवून, ओठ चावून, पुन्हा पुन्हा ओढत राहिले. दोरी अर्ध्यावर येई आणि हातातून निसटे. मी ओट्याशी उभी होते. पुढे होऊन ओढावी तर त्यांचा पाणउतारा, आणि उभं राहावं तर बघवत नाही. शेवटी म्हणाले, "पेट्रोल जुनं झालंय." शेजारचा टायरवाला आला, त्याने एका झटक्यात सुरू केलं. यंत्र घुरघुरायला लागलं तसे हे आवाज चढवून म्हणाले, "बघितलंस? मी सैल करून ठेवलं होतं!" टायरवाला म्हणाला, "तर काय, काका! सैल नसतं तर माझ्याने झालं असतं का?" सगळं गाव असं बोलायला लागलंय ह्यांच्याशी. मी कोणाला काही सांगितलेलं नाही, पण चेहरा लपत नाही ना.

बांग अध्यक्षांनी परवा बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, आम्ही चौघं जण त्याला पाठीवर घेऊन वर नेऊ का? मंडळात धट्टीकट्टी माणसं आहेत." मी म्हटलं, न्याल हो, पण कुठे? डोंगरभर उंचवटे आहेत, झाडीने झाकलेले, एकावर दगड नाही. कोणत्या उंचवट्यापाशी उतरवाल? हे फक्त तुम्हाला माहीत आहे, भाऊजी. या जगात तुम्हा एकट्याला.

मी आता रागावण्याच्या पलीकडे गेले आहे. हात जोडते. तळावरची जागा चुसोकच्या आधीच्या शनिवारची आहे. वर चढणं होणार नाही हे मला दिसतं. पण तळापर्यंत बस जाते. ओढ्याकाठी तंबूसमोर खुर्ची टाकून बसवू. तुम्ही शेजारी बसा. आणि खालूनच, झाडांच्या वर बोट दाखवून, तो तिकडे, एवढंच म्हणा. चुकीचं दाखवलंत तरी मी कुठे तपासायला जाणार आहे?

मालसुन


जोनजू, ११ सप्टेंबर

हाक्सू भाऊजी,

हे पत्र इस्पितळातून लिहिते आहे. गेल्या आठवड्यात ह्यांचे डोळे पिवळे झाले, ताप भरला, तेव्हा आणलं. आता ताप नाही. पोटात नळी घातली आहे. जेवण नावालाच. खिडकीतून पार्किंग दिसतं आणि त्यापलीकडे एक शाळा.

मागचं पत्र मिळाल्यावर तुम्ही पहिल्या गाडीने याल असं मला वाटलं होतं. आला नाहीत. मी तुम्हाला मनातल्या मनात जे जे बोलले ते कागदावर लिहिता येणार नाही. मग परवा जिन्यात मी स्वतःलाच पकडलं. डॉक्टर वर येताना दिसले आणि मी पाठ फिरवून वरच्या मजल्यावर निघून गेले, काही सांगतील या भीतीने. तेव्हा तुमच्या गॅलरीत उभं राहण्याचा अर्थ लागला. तुम्ही दगड नाही आहात. तुम्ही घाबरला आहात. मीही घाबरले आहे, फक्त मला जायला दुसरं ठिकाण नाही.

आता निरोप. तुमच्या भावाने तुम्हाला सांगायला सांगितला आहे, म्हणून जसाच्या तसा लिहिते.

काल दुपारी सोकजे आला होता. तळावर येणार की नाही ते पक्कं करायचा संदेश त्याच्या फोनवर आला होता. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. हे डोळे मिटून पडले होते, मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "रद्द करून टाक."

सोकजे म्हणाला, "का बाबा? अजून वेळ आहे. तुम्हाला बरं वाटेल तोवर."

"मला काय झालंय? मी जाईन. पण दादाला जमणार नाही. त्याचे गुडघे गेलेत."

मी विचारलं, "कोण म्हणालं?"

"दादाच म्हणाला. फोन आला होता त्याचा."

"कधी?"

"तू खाली जेवायला गेली होतीस तेव्हा." डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघत बोलत राहिले. "फार वाईट वाटत होतं त्याला. येतो म्हणून शब्द दिला होता ना. म्हणाला, फानसू, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी नक्की. मी म्हटलं, अरे दादा, डोंगर कुठे पळून जातोय? बाबाही कुठे जात नाहीत. इतकी वर्षं वाढलंय गवत, आणखी एक वर्ष वाढेल. तू आधी गुडघ्यांचं बघ."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला पत्र टाक. मला राग आलेला नाही असं लिही. सहल त्याच्या गुडघ्यांमुळे पुढे ढकलली, माझ्यामुळे नाही. आणि मंडळातही तसंच सांग, नाहीतर बांग काहीतरी भलतंच पसरवेल."

ह्यांचा फोन माझ्या पिशवीत होता, भाऊजी. इस्पितळात आल्यापासून तो माझ्याच पिशवीत आहे.

मी तो काढून दाखवला नाही. "बरं, लिहिते," एवढंच म्हटलं. तुम्ही येणार नव्हतात हे ह्यांना कधीपासून माहीत होतं, कढईसमोर बसले होते त्या दिवशीही माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं, आणि मग सोकजेच्या देखत आम्हा दोघांकडेही खोटं बोलायला काही उरलं नसतं. सोकजेने जागा रद्द केली. हे म्हणाले, "त्यात दादाचं नाव होतं ना? बघू." फोन हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि मग परत दिला.

सकाळी नर्स विचारत होती, काका, चुसोकला घरी सोडायला हवं का? हे म्हणाले, "नको. दादाला गुडघ्यांनी येता येत नाही, मग घरी जाऊन काय करू?"

तर निरोप पोचवला. सहल तुमच्या गुडघ्यांमुळे पुढे ढकलली आहे. तुमच्यावर कोणाचाही राग नाही. तुम्ही फोन केला होता, फार हळहळला होतात, आणि पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणाला आहात. तुमचा भाऊ सगळ्यांना हेच सांगतो आहे, आणि तुमच्याबद्दल इतकं चांगलं मी त्यांच्या तोंडून बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

भाऊजी, आता तंबू नाही, चढण नाही, वाकून नमस्कार नाही, बोटसुद्धा दाखवायचं नाही. जोनजूच्या बसथांब्यावरून समोरच इस्पितळ दिसतं. आम्ही पाचव्या मजल्यावर आहोत, खिडकीजवळच्या खाटेवर.

इथे लिफ्ट आहे. गुडघ्यांना काही त्रास व्हायचा नाही.

तुमची,
मालसुन